हळदीखालचा निळा

बाळांनो, आजोबांच्या घोट्यावरचा व्रण तुम्ही परवा व्हिडिओ कॉलवर पाहिलात आणि "हे काय" म्हणून विचारलंत. त्यांनी सांगितलं, जिन्यावरून पाय घसरला. नांदेडच्या आपल्या घराला जिना आहे, त्यामुळे तुम्हाला ते पटलं. पण ते तसं झालेलं नाही. कसं झालं ते मी लिहून पाठवते, कारण फोनवर सांगायला घेतलं की माझा आवाज अजून बिघडतो.

आधी रेडिओबद्दल सांगायला हवं. निवृत्तीनंतर आजोबांनी हौशी रेडिओचं लायसन्स काढलं. परीक्षा इंग्रजीतून होती, म्हणून मी त्यांना शिकवायला बसले आणि शिकवता शिकवता मीही दिली. मार्क कुणाला जास्त पडले ते त्यांनाच विचारा. आमचे वॉकीटॉकी जुने होते. एका साखर कारखान्याने पहारेकऱ्यांचे सेट मोडीत काढले, तेव्हा ते अप्पांनी मिळवले. अप्पा म्हणजे आजोबांचे उदगीरचे मित्र, विजेच्या सामानाचं दुकान चालवणारे. त्यांनी ते सेट उघडून आम्हा हौशी लोकांना जो लहरींचा पट्टा मिळालेला आहे त्यावर बसवून दिले.

सेट असा बदलता येतो, अँटेना मात्र बदलता येत नाही. तिच्या रबरी सालाच्या आत तारेचं वेटोळं असतं आणि ते एकाच पट्ट्याच्या मापाने कापलेलं असतं. बाहेरून सगळ्या अँटेना सारख्या दिसतात, काळ्या, आखूड, एका उंचीच्या. ओळखू याव्यात म्हणून बनवणारे बुडाशी रंगाचं बारीक कडं देतात. आमच्याकडच्या अँटेनांत पिवळं कडं म्हणजे खालचा पट्टा, म्हणजे आमचा. निळं कडं म्हणजे वरचा, तो कारखान्याचा. दुसऱ्या कंपनीचे रंग दुसरे असतात, तेव्हा ही खूण सगळीकडे लावू नका. अप्पांनी आमच्यासाठी पिवळ्या कड्याच्या अँटेना मागवल्या. निळ्या फेकून देववेनात, म्हणून मी त्या बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात वेगळ्या ठेवल्या.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. चुकीच्या रंगाची अँटेना लावली म्हणून सेट बंद पडत नाही. अंगणातून गच्चीवर बोललात तर आवाज स्वच्छ येतो. माणूस लांब गेला, मध्ये डोंगर आला, की मग कळतं.

माहूरला नवरात्रात फार गर्दी होते. देवीचा डोंगर, त्याच्या शेजारी दत्ताचं शिखर, पलीकडे अनसूयेचं, आणि मधल्या वाटा जंगलातून जातात. तिथे मोबाईल कधी लागतो, कधी लागत नाही. म्हणून आमचा हौशी गट सेट घेऊन जागोजागी उभा राहायचा. कुणी हरवलं, कुणाला चक्कर आली, की निरोप पोचवायचा. त्या वर्षी आम्ही दसऱ्याच्या दिवशी जाणार होतो.

आदल्या दिवशी खंडेनवमी. तुमची आत्याआजी, म्हणजे आजोबांची थोरली बहीण, चाकूरहून आली होती. तिच्या घरी शेती आहे. तिथे या दिवशी नांगरापासून विळ्यापर्यंत सगळ्या अवजारांना हळदकुंकू लागतं. आपल्या घरात नांगर नाही म्हणून तिने काही सोडलं नाही. विळी, कात्री, आजोबांची पक्कड, पेचकस, माझं शिवणयंत्र, सगळे सेट, आणि पुसायला म्हणून काढून ठेवलेल्या अँटेना, असं सगळं तिने चादरीवर मांडलं. मी स्वयंपाकात होते. ती म्हणाली, "तू पुरणाचं बघ. हत्यारांचं माझ्याकडं." पूजा झाल्यावर मी आत डोकावले तर प्रत्येक वस्तू हळदीकुंकवाने नटलेली आणि झेंडूची फुलं वाहिलेली. मला ते छानच वाटलं.

दसऱ्याला पहाटे जीपने निघायचं होतं. आजोबांनी घाईत अँटेना उचलल्या, पिवळं कडं बघून सेटांवर फिरवल्या, अंगणात जाऊन "हॅलो, टेस्ट" केलं. मी गच्चीवरून उत्तर दिलं. स्वच्छ आलं.

माहूरला आमचं ठाणं एका धर्मशाळेच्या वरच्या ओसरीवर होतं. टेबलावर मोठा सेट, त्याची अँटेना गच्चीवर उंच बांबूला बांधलेली. तो माझ्या ताब्यात. शेजारी आत्याआजी खुर्ची टाकून बसली होती. सकाळीच तिचं दर्शन झालं होतं, आणि आता माझं रेडिओवरचं बोलणं ऐकून तिची करमणूक चालली होती. प्रत्येक वेळी आधी आपलं सांकेतिक नाव सांगायचं, मग निरोप, शेवटी "ओव्हर". ती म्हणाली, "घरात तर तुझं कधी ओव्हर होत न्हाई."

अप्पा त्यांच्या दुकानातले सेट घेऊन पायऱ्यांपाशी उभे होते. आजोबा दोन शिखरांच्या मधल्या वाटेवर होते. दुपारी हिंगोलीकडचं एक कुटुंब आलं. त्यांची म्हातारी आई चुकली होती. कुणीतरी सांगितलं, हिरव्या लुगड्यातली एक बाई खालच्या ओढ्याच्या वाटेने जाताना दिसली. मी सगळ्यांना निरोप दिला. आजोबांचा आवाज आला, थोडा तुटक, पण आला.

"मी ओढ्यापर्यंत बघून येतो. ओव्हर."

थोड्याच वेळात ती बाई बसस्थानकाजवळ सापडली. चहा पीत बसली होती. मी आजोबांना सांगितलं, परत या. उत्तर आलं नाही. पुन्हा सांगितलं. मोबाईल लावला, तो लागेना. पहिल्यांदा मी घाबरले नाही. उतारावर असतील, मध्ये कडा असेल, असं मनात म्हटलं. मग टेबलाखाली पाय सरकवला आणि तो पिशवीला लागला. पिशवीत त्यांचा जेवणाचा डबा होता. न उघडलेला.

तुम्हाला माहीत आहे, आजोबा इन्सुलिन घेतात. सुई टोचली की वेळेत खावं लागतं. सुई त्यांनी दुपारी माझ्यासमोर घेतली होती, इथेच, या ओसरीवर. "वाटेवर एक फेरी मारून येतो, मग जेवू," म्हणून गेले होते. मी डबा टेबलावर ठेवला आणि त्याच्याकडे बघत बसले. साखर उतरली की माणूस आधी घामेजतो, मग त्याला दिशा कळत नाही, मग तो बसतो, आणि मग झोपतो. हे मी घरी एकदा पाहिलेलं होतं. घरी मी होते. ओढ्याच्या वाटेवर कोण होतं? त्या जंगलात अस्वलं आहेत, हे धर्मशाळेच्या माणसाने सकाळीच मोठ्या कौतुकाने सांगितलं होतं.

अप्पांना बोलावलं. ते पायऱ्या चढून आले तेव्हा त्यांचा सदरा पाठीला चिकटला होता.

"वैनी, तुमी घाबरू नका. सेटची बॅटरी गेली असंल."

"सकाळी पूर्ण भरली होती."

"मग सेट पडला असंल हातातून."

"सेट पडला तर माणूस कुठे आहे, अप्पा?"

वाटा तीन होत्या. माणसं पाठवायची तर कुठल्या वाटेने, हे कुणालाच सांगता येईना. ऊन उतरत चाललं होतं आणि पलीकडच्या डोंगराची सावली खालच्या झाडीवर आली होती. अप्पा म्हणाले, "मी निघतो. एक वाट मी बघतो, दोन पोरं दुसरीकडं धाडतो. मला अजून एक सेट द्या."

आमच्या पिशवीत एक जादा सेट होता, घरचाच. मी तो काढला. हात घामेजले होते. अँटेना घट्ट आहे का बघायला मी ती बुडाशी धरून फिरवली, तर माझा अंगठा पिवळा झाला.

मी अंगठ्याकडे बघत राहिले. मग त्याचा वास घेतला. मग नखाने ते कडं खरवडलं. वाळलेल्या हळदीचे पोपडे टेबलावर पडले आणि खाली निळं निघालं.

"वन्सं," मी विचारलं, "काल तुम्ही या अँटेनांना हळद कुठे लावलीत?"

"गळ्याला. हळद गळ्यालाच लावतेत की."

"सगळ्यांच्या?"

"न्हाई. काहींच्या गळ्याला कुणी आधीच लावली होती. बारीक, पन लावली होती. त्या बिस्किटाच्या डब्यातल्या काढल्या, त्यांना न्हवती. म्हनलं, पूजेत असा दुजाभाव बरा न्हवं. मग त्यांनाबी लावली, तशीच, एकसारखी." ती माझ्या हातातल्या अँटेनाकडे वाकून बघू लागली. "का गं? काय झालं?"

"काही नाही," मी म्हटलं. तिचा भाऊ खाली जंगलात होता. तिला काय सांगणार?

पण अप्पांना कळलं होतं. त्यांनी माझ्या हातातून अँटेना घेतली, निळं कडं पाहिलं आणि हळू आवाजात म्हणाले, "त्यांच्या सेटवर बी अशीच असंल तर ते बोलून राहिलेत, वैनी. आपल्याला येऊन न्हाई राहिलं."

असंल तर. खरी पिवळी असेल तर त्यांचं न बोलणं म्हणजे न बोलणंच. निळी असेल तर ते बोलत असतील आणि आवाज तिथल्या तिथे, पहिल्या वळणाच्या कड्यावर, संपत असेल. दोन्हींत फरक केवढा होता, आणि तो एका हळदीच्या बोटावर ठरायचा होता. मी देवीकडे काय मागितलं ते सांगते. मी मागितलं, निळी असू दे.

मग मला एक गोष्ट सुचली. अभ्यास करताना ती मीच त्यांना समजावली होती. आमचा मोठा सेट जोरदार होता आणि त्याची अँटेना उंच होती. ते आम्हाला पोचत नसले तरी आम्ही त्यांना पोचत असू. आणि दुसरं असं की सेटमध्ये एक बटण असतं, ते रिकामी खरखर दाबून ठेवतं, म्हणजे कान किटत नाहीत. ते पूर्ण उघडलं की कढईत मोहरी तडतडावी तशी खरखर सुरू होते. लांबून कुणी बोलायचं बटण दाबलं, तर त्याचे शब्द कळण्याइतकी ताकद नसली तरी ती खरखर थोडी बसते. फक्त थोडी. ऐकणाऱ्याने श्वास धरून ऐकायला हवं.

मी बटण उघडलं. ओसरी खरखरीने भरली. आत्याआजीने कानांवर हात ठेवले.

मी बोलायचं बटण दाबलं आणि माझं सांकेतिक नाव सांगायचं विसरले. त्यांचंही विसरले. तोंडातून निघालं ते हेच:

"अहो. ऐकताय का? तुमच्या अँटेनाला पिवळं आहे ती हळद असेल. तुम्ही बोलताय ते आम्हाला येत नाही. मी बोलतेय ते येत असेल तर बोलू नका, नुसतं बटण दाबा. दोनदा. सेट डोक्यावर उंच धरा आणि दोनदा दाबा."

बटण सोडलं. खरखर. मी डोळे मिटले. खरखर, खरखर, कुठेही खंड नाही. खाली ढोल वाजत होते, सोनं लुटायला माणसं निघाली होती. अप्पांनी ओसरीचं दार लावून घेतलं.

मी पुन्हा बोलले. तेच. मग आणखी एकदा. तिसऱ्या खेपेला माझ्या लक्षात आलं की मी त्यांना रागावतेय. डबा सोडून गेलात, या वयात ओढे बघायला जाता, असं सगळं. सबंध माहूरवर आमच्या गटातलं प्रत्येक माणूस ते ऐकत होतं. मला कळत होतं आणि थांबता येत नव्हतं, कारण बटण सोडलं की ती खरखर ऐकावी लागणार होती.

सोडलं. खरखर. आणि मग ती बसली. कुणी कढईवर झाकण अर्धं सरकवावं तशी. पुन्हा उघडली. पुन्हा बसली.

मी अप्पांकडे पाहिलं. त्यांनीही ऐकलं होतं. ते म्हणाले, "हाव. दोन."

आत्याआजी आजोबांना बापू म्हणते. ती म्हणाली, "काय दोन? बापू बोलला का?"

"बोलले, वन्सं."

"मला तर काईच न्हाई आलं."

पुढचं सगळं तसंच झालं. मी विचारायचं, त्यांनी दाबायचं. हो म्हणजे एकदा, नाही म्हणजे दोनदा. पडलात का? खरखर एकदा बसली. चालता येतं का? दोनदा. ओढा ओलांडला का? दोनदा. वाट सोडून खाली आहात का? एकदा, पण इतकी मंद की अप्पा म्हणाले आली, मी म्हटलं नाही आली, आणि पुन्हा विचारावं लागलं. अनसूयेच्या बाजूला? दोनदा. दत्तशिखराच्या? एकदा. अप्पांनी तेवढ्यावर टॉर्च उचलला, आपला दुकानातला सेट घेतला, दोन माणसांना हाक मारली आणि गेले.

मग मी विचारलं, जवळ खायला काही आहे? दोनदा. नाही.

अंधार पडायला अजून अवकाश होता, पण अप्पांना पोचायलाही होता. मी विचारलं, घाम येतोय? एकदा. यानंतर काय विचारावं ते मला कळेना. मी नुसतीच बोलत राहिले. झोपू नका. अप्पा निघालेत. झोपू नका. ऐकताय ना, दाबा. त्यांनी दाबलं, पण उशिरा. पुढच्या वेळी आणखी उशिरा.

आत्याआजी उठून माझ्याजवळ आली. तिने एवढा वेळ काही विचारलं नव्हतं. "खायचं काय विचारून राहिलीस त्याला?" ती म्हणाली. "त्याच्या सदऱ्याच्या खिशात पुडी हाय की. कालचा परसाद. गूळ-खोबरं. म्या घातली सकाळी, तो जीप पुशीत होता तवा."

"त्यांना माहीत आहे?"

"त्याला कशाला सांगू? गोड हाय म्हनून तू काढून घेतली असतीस."

मी बटण दाबलं. "अहो, सदऱ्याच्या खिशात हात घाला. गुळाची पुडी आहे. वन्संनी ठेवली आहे. ती खा. सगळी खा. खाल्ल्यावर दाबा."

खरखर. ती इतका वेळ चालली की आत्याआजीने माझा खांदा धरला. मी त्या आवाजात त्यांना शोधत होते. कधी वाटे बसला, कधी वाटे मलाच तसं ऐकू आलं. मी पुन्हा बोलले नाही. बोलले असते तर नेमकं तेव्हा त्यांनी दाबलेलं मला कळलं नसतं. तुम्ही लहान असताना तापात होतात आणि तुमच्या आईबरोबर मी उशाशी बसले होते, तेव्हासुद्धा मी इतकी स्तब्ध बसले नव्हते.

मग बसली. एकदा. आणि थोड्या वेळाने आणखी एकदा, न विचारता.

अप्पांचा आवाज आला तेव्हा डोंगरावर दिवे लागले होते. "सापडले. शुद्धीवर हायेत. घोटा गेलाय. बाकी गुळानं तोंड भरलंय." आणि मग, मागून, अप्पांच्या सेटवरून, आजोबांचा आवाज: "तिला सांगा, मी मघापासून ओरडतोय." मी सेट खाली ठेवला आणि डब्याचं झाकण उघडलं. का उघडलं मला माहीत नाही. ते घट्ट बसलं होतं आणि मला काहीतरी करायला हवं होतं.

त्यांना खुर्चीत बसवून वर आणलं. घोट्याचं हाड दोन ठिकाणी मोडलं होतं, नांदेडला ऑपरेशन झालं. त्यांच्या सेटवरच्या अँटेनाची हळद मी स्वतः ओल्या फडक्याने पुसली. निळी होती. आमच्या गटात मात्र पुढे कित्येक महिने तुमच्या आजोबांना कुणी सांकेतिक नावाने हाक मारली नाही. रेडिओवर सरळ "अहो, ऐकताय का?" म्हणायचे. अजूनही कुणी कुणी म्हणतं.

आत्याआजीला आम्ही कुणी काही सांगितलं नाही. गुळाचं तेवढं सांगितलं, तेही पुष्कळ वेळा. पुढच्या खंडेनवमीला ती पुन्हा आली. चादर अंथरली, पक्कड, कात्री, सेट, अँटेना, सगळं मांडलं. हळद कालवली. मी या वेळी दारातच उभी होते. निळ्या अँटेना मी आधीच देऊन टाकल्या होत्या, तरीही उभी होते. तिने बोट हळदीत बुडवलं, पहिल्या अँटेनावर नेलं आणि तिथेच थांबवलं.

"हिला कुठं लावू?" ती म्हणाली. माझ्याकडे बघितलं नाही.

"टोकाला लावा, वन्सं."

तिने टोकाला लावली. मग दुसरीच्या टोकाला. तिने कुंकवाचा करंडा उघडला, आणि मी आत जाऊन पुरणाचा गॅस मंद केला.

आजोबा आता काठी घेऊन चालतात. माहूरला जात नाहीत, पण संध्याकाळी सेट घेऊन बाजारापर्यंत जातात. ते गेले की मी घरच्या सेटचं ते बटण पूर्ण उघडून ठेवते. शेजारच्या बाई म्हणतात, किती हो ती खरखर, तुम्हाला त्रास नाही होत? मी म्हणते, सवय झाली. ते कोपऱ्यावर पोचले की न बोलता दोनदा दाबतात, आणि मग मी भाजी चिरायला घेते.